दादा लालबाग नको म्हणतात

२७ ऑक्टो., सोम.
दादांचं मुंबईचं ठरलं. मोतीबिंदू काढल्यापासून एकच धोशा, "आता दिसता तर एकदा मुंबई बघून येवया." चार दिवसांची रजा टाकली. साहेब कुरकुरले, पण सही केली.
प्रश्न राहायचा. मी म्हटलं, त्यात काय, लालबागला गावाची खोली आहे. दादांनी गिरणीत असताना उभा जन्म त्याच खोलीत काढला. गावच्या पुरुषांची मंडळाची खोली, बाई माणसाला तिथे झोपायची बंदी, म्हणून आम्ही कधी पाहिली नाही. आता नियम सैल झालेत म्हणे, परीक्षेला आलेल्या मुली राहतात. शिवाय ती इमारत पाडून नवी बांधणार आहेत. नव्या खोलीत दादांची जागा राहते की भावकीतले परस्पर गिळतात, तेही बघून होईल. माझा खरा हेतू तोच.
तर दादा म्हणतात, "लालबाग नको गो. थंय आवाज."
गिरणीत साच्यावर आयुष्य काढलेल्या माझ्या बापाला आवाजाचा त्रास? काहीतरी पाणी मुरतंय.

२९ ऑक्टो.
बाळाला फोन केला. मंडळाचा सेक्रेटरी, भावकीतलाच. आधी म्हणाला, खोलीला रंग काढलाय. मी म्हटलं, वासाचं आम्हाला काही नाही. मग म्हणाला, पाण्याचा प्रॉब्लेम. मी म्हटलं, घरून कॅन आणू. मग एकदम गोड झाला. "शैलाताई, काकांना कशाला जिने चढवता? मी दादरला लॉज करून देतो ना. मंडळाकडून. तुम्ही टेन्शन नका घेऊ."
हे मंडळ गणपतीची वर्गणी एक दिवस उशिरा दिली तर फळ्यावर नाव लिहितं. ते आम्हाला लॉज देणार! म्हणजे दादांची जागा गेली, नक्की. अंगाचा नुसता तिळपापड झाला. आता तर जाणारच.
गावकीने आम्हाला कधी धड धरलंच नाही म्हणा. शिमग्याची पालखीसुद्धा आमच्या अंगणात मी सातवीत गेल्यावर यायला लागली. त्याआधी, आई म्हणायची, आपल्या घराची वाट अवघड. वाट आहे तीच आहे.

३१ ऑक्टो.
दोन दिवस मोबाइलवर खोल्या बघतेय. डोळे गेले.
दादर: स्टेशनजवळ म्हणतात ते सगळे. फोन लावला की कळतं, पुलाच्या पलीकडे, मग उजवीकडे, मग कोणालाही विचारा. तीन वेगवेगळ्या लॉजच्या फोटोत चादर तीच, निळ्या मोरांची.
लोअर परळ: भाडं बघून दादांना वाचून दाखवलं. त्यांची गिरणी तिथेच होती. म्हणाले, "थंय आमका जाण्याचे पैसे मिळत."
गिरगाव: फणसवाडीत एक गेस्टहाउस. 'फॅमिलीसाठी सुरक्षित' असं दोनदा लिहिलंय. एकदा लिहिलं असतं तर जास्त विश्वास बसला असता. पण परवडणारं तेवढंच. दादाही लगेच हो म्हणाले, "गिरगाव चलात." एवढ्या लगेच?
संध्याकाळी दादा गुरांच्या मांगराच्या मागे फोनवर. "होय गो बाय. येतलंव. तिका नाय अजून सांगलंय." मी समोर गेले तर फोन खिशात.
"कोण?"
"राँग नंबर."
राँग नंबरशी माणूस इतकं हसून बोलत नाही.

२ नोव्हें., रवि.
आज मलाच फोन. अनोळखी नंबर, बाईचा आवाज, एकदम मोकळा. "शैलाताई ना? मी प्रज्ञा जाधव, वरळीहून. काका येतायत कळलं. लॉज-बिज काही करू नका हां, आपल्याकडेच या. बीडीडी चाळीत. पैशाचं तर नावच काढू नका."
मी विचारलं, कोण काका, कुठले, माझा नंबर कोणी दिला. ती म्हणाली, "काकांनीच. तुम्हाला काहीच सांगितलं नाही का त्यांनी?" मी फोन ठेवून दिला.
मुंबईत कोणी कोणाला फुकट पथारी देत नाही. एक तर ही फसवणूक, म्हाताऱ्या माणसांना हेरून चाललेली. नाहीतर... लिहायलाही लाज वाटते. दादा वर्षातून दोनदाच घरी यायचे. बाकीचं सगळं वर्ष कोणी बघितलंय?
आईकडे खडा टाकून बघितला. ती कुळीथ निवडत होती. म्हटलं, दादांना वरळीहून फोन येतात. वर न बघता म्हणाली, "येवंदेत. तुझा काय जाता?" म्हटलं, तूपण चल मुंबईला, एकदा तरी बघ. तिचं ठरलेलं उत्तर: बस लागते. आईने जन्मात मुंबई पाहिली नाही आणि तिला त्याचं काही वाटतही नाही.

६ नोव्हें.
गिरगाव. ट्रॅव्हल्सने पहाटे दादरला टाकलं, तिथून टॅक्सी. टॅक्सीवाल्याने लांबून आणलं, मला खात्री आहे.
फणसवाडी चांगली आहे, शांत, जुनी घरं, दारात तुळशी. गेस्टहाउस मात्र फोटोतलं नव्हेच. खिडकी उघडली की समोर भिंत, हात लागेल एवढी जवळ. मॅनेजर आधार कार्ड ठेवून घेत होता, मी झेरॉक्स हातात दिली. चादर निळ्या मोरांची!! इथेही.
दुपारी चौपाटीवर गेलो. दादा समुद्राकडे बघायचं सोडून उजवीकडे, लांब, वरळीच्या दिशेला बघत बसले. खोलीवर आल्यावरही पिशवी त्यांनी उघडलीच नाही. लुंगीसुद्धा बाहेर काढली नाही.

७ नोव्हें., शुक्र.
आजच लिहायला हवं.
लालबागला नेलं. चहा पिऊन येऊ, एवढंच सांगितलं. इमारतीच्या जिन्याशी आल्यावर दादा थांबले. "तू जा. मी हंयच बसतंय." कट्ट्यावर बसले, तोंड रस्त्याकडे.
मी एकटी वर गेले. खोली केवढीशी! भिंतीला ओळीने ट्रंका, ट्रंकांवर वळकट्या, वर प्रत्येकाचा खिळा आणि खिळ्याला शर्ट. रंग कुठला, पोपडे धरलेत. नळाला पाणी धो धो. बाळा बनियनवर जेवत होता, मला बघून घास हातातच राहिला.
मी सरळ विचारलं, दादांची जागा कोणती? कोणाला दिलीत?
बाळाने हात धुतले. शर्ट घातला. मग म्हणाला, "ताई, बसा. काकांची जागा आम्ही नाही घेतली. काकांना मंडळाने काढलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो, शपथ."
"कशासाठी?"
"सख्या जाधवाला आणून इथे झोपवला म्हणून."
"सख्या जाधव कोण?"
"आपल्याच गावचा. बौद्धवाडीतला. गिरणीत त्यांच्याच खात्यात होता. आजारी होता म्हणे." मग खाली बघत, "तुम्ही राहायला आला असता तर जुनी माणसं काहीतरी बोलली असती. तुम्हाला इथे, सगळ्यांसमोर कळलं असतं. म्हणून दादरचं म्हणत होतो. पैसे माझेच घालणार होतो."
याच्यावर विश्वास ठेवावा का, अजून कळत नाही. पण मान वर करून बोलत नव्हता, एवढं खरं.
खाली आले. दादांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चहावाल्याला दोन कटिंग सांगितले.
"मग एवढी वर्षं राहिलात कुठे?"
"वरळीक. सख्याकडे. गिरण बंद पडापर्यंत."
"आणि आम्हाला लालबागचा पत्ता सांगायचात?"
"पत्रां तेवढी हंय येत. बाकी काय नाय."
म्हटलं, दादा, मला का नाही सांगितलंत? तर म्हणतात, "तू इचारलंस कधी?"
मी! घरातल्या मांजरालाही कुठून आलीस विचारते मी. माझा बाप कुठे झोपत होता, एवढंच तेवढं विचारलं नाही. भर लालबागच्या रस्त्यात रडले. दादा म्हणाले, "चाय निवता."

८ नोव्हें.
फणसवाडी सोडली. मॅनेजरने उरलेल्या दिवसांचे पैसे परत दिले नाहीत, मीही भांडले नाही. तो चकित झाला.
वरळी. चाळ अजून उभी आहे, पाडायची नोटीस आहे. लांब बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. दादा माझ्यापुढे भराभरा चालत गेले, नंबर न बघता योग्य दाराशी थांबले. आत खाटेवर सख्याकाका. पाय गेलेत, आवाज खणखणीत. दादांना बघून पहिलं वाक्य: "म्हाताऱ्या, चुनो हाडलंस?" दादा विसरले होते. मग दोघे चुन्यावरून जे भांडायला लागले ते जेवणापर्यंत.
मोरीतला दगड डुगडुगतो. हातपाय धुताना पडता पडता वाचले.
जेवताना सख्याकाकाच सांगत होते. "मी तापान फणफणलेलंय. ह्यान माका खांद्यार मारून लालबागेक नेल्यान, डॉक्टर जवळ म्हणून. दोनच राती. तिसऱ्या दिवशी ह्याची ट्रंक जिन्यात." दादा मान खाली घालून सुक्या बांगड्याचे काटे काढत होते. "जेव गप," म्हणाले.
प्रज्ञा, सख्याकाकांची मुलगी, बँकेत आहे. वाढत होती नीट, पण फोनवरचा तो मोकळा आवाज नाही. भांडी घासताना माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुम्ही फोन ठेवलात ना, मला वाटलं, आडनाव ऐकून ठेवलात."
मी म्हटलं, नाही हो, मला वाटलं फसवणूक. मी सगळ्यांवरच संशय घेते, विचारा कोणालाही.
"तसं असेल तर बरं," म्हणाली. आणि ताट विसळायला घेतलं.
तसंच होतं. तेव्हा मला काही माहीतच नव्हतं. माहीत असतं तर? ते नाही सांगता येत. खूप विचार केला, नाही सांगता येत.

९ नोव्हें., रवि.
उद्याची गाडी. दादांनी पिशवीतलं सगळं बाहेर काढून पसरलंय, लुंगी दोरीवर, औषधं खिडकीत, जणू महिनाभर राहायचंय.
सकाळी आईचा फोन. ठरवलं होतं, हिला काही सांगायचं नाही. या वयात कशाला तिच्या जिवाला घोर. दादांनीही खाटेवरून मला नको नको अशी खूण केली.
"खंय उतरल्यात?"
"गिरगावात. फणसवाडीत. खोली बरी आहे."
"जेवण?"
"बरं आहे."
"बरा. सांभाळून न्हा गो. मोरीतलो तो दगड अजून डुगडुगता काय?"
मी वळून मोरीकडे बघितलं. आई म्हणाली, कोंबड्या ओरडतात, ठेवते, आणि ठेवला.
दादांकडे बघितलं. ते सख्याकाकांशी चुन्यावरून भांडत होते. निदान तसं दाखवत तरी होते.
आईने मुंबई पाहिलेली नाही. बस लागते तिला.