कोच व्हॉस्लरचं नाव निघालं तेव्हा

प्रिय ज्युडी,

तुझं कार्ड मिळालं. इथे थंडी कडाक्याची आहे, मागचं दार परत घट्ट बसलंय, आणि मी ठणठणीत आहे. हे आधी लिहून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तू लगेच फोन उचलशील. मला हे फोनवर बोलायचं नाही. तू रडायला लागलीस की मी काय करायचं ते मला सुचत नाही.

मंगळवारी हॉल ऑफ फेमची बैठक झाली. तू हसशील, माहीत आहे. हायस्कूलच्या जिमबाहेरची एक भिंत, तिच्यावर जुन्या फुटबॉलवाल्यांचे फोटो, आणि नाव काय तर म्हणे हॉल ऑफ फेम! पण या गावात पाद्री नेमताना झाली नसतील एवढी भांडणं या भिंतीवरून होतात. तुझे बाबा गेल्यावर समितीतली त्यांची खुर्ची मला मिळाली. ती माझ्या सफरचंदाच्या पायसाठी दिली, असं माझं प्रामाणिक मत आहे.

यंदा पहिलं रण माजलं ते डॉयल पीटर्सवरून. अध्यक्ष ऑरव्हिलला, म्हणजे आपल्या हार्डवेअरवाल्याला, तो हवाच होता. क्लीट न्हावी उसळला, "किकर? अहो, तो नुसती किक मारायला मैदानात यायचा चार मिनिटं! उरलेला वेळ घोंगडी पांघरून बाकावर. त्याला घ्यायचं तर घोंगडीचाही फोटो लावा!" ऑरव्हिल म्हणाला, "त्याच्या एका किकवर आपण फायनलला गेलो, तेव्हा तू कुठे होतास रे? तंगडी मोडून घरी!" "आणि तंगडी मोडली कोणासाठी? त्याच्या अंगावर येणाऱ्याला अडवायलाच ना?" मी आपली सफरचंदाच्या पायचे तुकडे कापून बशा पुढे सरकवत होते. मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचंही काही पडलं नव्हतं. शेवटी क्लीटनेही कुरकुरत हात वर केला आणि डॉयल निवडला गेला. मग त्याने रागाने पायचे दोन तुकडे खाल्ले.

मग कोचांची पाळी आली. इथे दरवर्षी एक गोष्ट होते, ती मी तुला कधी सांगितली नाही. नावं वाचता वाचता ऑरव्हिल एका ठिकाणी थांबतो, चष्मा पुसतो, कॉफी कोणाला हवी का विचारतो आणि खालच्या नावावर जातो. मी बसलेली असताना कोच व्हॉस्लरचं नाव घ्यायचं नाही, असं कोणी ठरवलेलं नाही, पण सगळे पाळतात. गावाला राज्याचं अजिंक्यपद मिळवून देणारा एकमेव कोच, आणि त्याचाच फोटो भिंतीवर नाही. पाहुणे विचारतात. गावातले लोक विषय बदलतात.

या वेळी ऑरव्हिलने चष्मा पुसला नाही, नाव वाचलं. व्हॉस्लरचं यकृत गेलंय. उन्हाळा काही तो बघणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. आणि आमच्याकडे एक जरी हात खाली राहिला, तरी नाव बाद. सगळे आपापल्या बशीत बघायला लागले.

ज्युडी, आता माझ्या आत काहीतरी होईल म्हणून मी वाट बघत होते. निदान राग तरी येईल. काही म्हणजे काही आलं नाही. ऑगस्टमधलं ते तापलेलं मैदान दिसलं, रॉनीला दोन्ही बाजूंनी धरून आणणारी पोरं दिसली, आणि ते सगळं मी खिडकीतून शेजारचं अंगण बघावं तसं बघितलं. त्या काळी कोणताच कोच सरावात पाणी देत नसे. पाण्याने पोरं मऊ पडतात म्हणे. मिठाची गोळी द्यायची आणि पळवायचं. आपला सोळा वर्षांचा रॉनी त्याच संध्याकाळी गेला, आणि मोसमातला पहिला सामना ठरल्या शुक्रवारी झाला. तू व्हॉस्लरच्या दारावर अंडी फेकून आलीस. मी तुला रागावले नाही आणि शाबासही म्हटलं नाही. तेव्हाही मी अशीच होते. तेव्हापासूनच मी अशी आहे.

क्लीट रॉनीच्या शेजारी पळायचा. आता डोक्यावर केस उरले नाहीत, तरी मला अजून मिसेस केलरच म्हणतो. तो म्हणाला, "मिसेस केलर, तुम्ही नाही म्हणा. कोणी ब्र काढणार नाही. मीच आधी हात खाली ठेवतो." ऑरव्हिल चिडला. "अरे, त्याच माणसाने नंतर मैदानावर पाण्याची पिंपं ठेवली. आसपासच्या गावांतल्या कोचांच्या मागे हात धुऊन लागला, त्यांनाही ठेवायला लावली. त्याचं काहीच नाही?" "ठेवली ना," क्लीट म्हणाला, "रॉनीला पुरून आल्यावर!" माझी कॉफी गार झाली होती, ती मी प्यायले.

त्याला कधीही माफ करू नकोस, असं तू मला बजावून गेलीस. मी केलेलं नाही. माफ करायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं गं. मी एक अट घातली, आणि ऑरव्हिल हो म्हणाल्यावर हात वर केला. क्लीट माझ्याकडे बघतच राहिला. मग नाक ओढत त्यानेही केला.

पेपरात वाचण्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतंच, पण मी लिहायला बसले ते त्या अटीमुळे. एप्रिलमधल्या सन्मानाच्या जेवणात कोचच्या हाताखाली खेळलेल्या प्रत्येकाचं नाव मोठ्याने वाचतात, आणि तो जागेवर उभा राहतो. जो हयात नाही, त्याच्यासाठी घरचं कोणीतरी उभं राहतं. पण नावं सामना खेळलेल्यांचीच घेतात, आणि रॉनी एकही सामना खेळला नाही. मी म्हटलं, त्याचं नाव घ्यायचं, आणि सगळी नावं मी वाचणार. व्हॉस्लर समोरच बसलेला असेल. त्याच्याकडे बघून मी रॉनीचं नाव वाचणार आहे. निघताना ऑरव्हिलने हळूच विचारलं, "एडना, तू वाचत असशील, तर रॉनीसाठी उभं कोण राहणार?" क्लीट म्हणाला, मी राहतो. मी म्हटलं, तू तुझ्या नावाला उभा राहा बाबा. या गावात परत पाय ठेवणार नाही म्हणालीस, ते मी विसरलेले नाही. तरी विचारते. मी त्याचं नाव घेतलं आणि त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कोणीच उठलं नाही, तर मला काहीतरी वाटेल, ज्युडी, आणि त्याचीच मला भीती वाटते. तू येशील का?

तुझीच, आणि त्याचीही,
आई