बाबांनी न पाहिलेलं पान

प्रिय दादा,

तू खाली बसला आहेस आणि मी वरच्या खोलीतून तुला पत्र लिहिते आहे, याचं तुला हसू येईल. हस. पण समोर आले की तू "बोला, मुख्याध्यापिका" म्हणतोस आणि माझं वाक्य निघतच नाही.

ऑफिसात वेबसाइट बनवायचं नवं सॉफ्टवेअर घेतानाही तेच झालं. मी एकेक वापरून पाहत होते. कशात अक्षर मोठं करता येतं, कशात माऊसशिवाय पानावर फिरता येतं, उद्या ते सोडावंसं वाटलं तर आपलं काम बाहेर काढता येतं की नाही. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "हिला आखूडशिंगी, बहुदुधी गाय हवी. तोवर काय गोठा रिकामा ठेवायचा?" ऑफिस हसलं. मीही हसले, हे जास्त लागलं. आणि तू ते तयार साच्यांचं घेतलंस. साचा निवडा, मजकूर ओता, दुपारपर्यंत वेबसाइट तयार. देखणी होते, वाद नाही. पण साच्यातलं अक्षर बारीक असलं तर बारीकच राहतं, फिकं असलं तर फिकंच.

हे काम आपण कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि रंग ओला असतानाच आपल्याला रस्त्यापलीकडे उभं करून वाचायला लावायचे. मी अडखळले तर मला रागवत नसत, पाटी पुसत. त्यांची नजर अधू झाली तेव्हा तूच म्हणालास, आता वाचायची पाळी त्यांची. तेव्हापासून आपलं प्रत्येक पान आधी बाबांपुढे जायचं. ते पडद्याला नाक टेकेपर्यंत वाकायचे. "फोन नंबर कुठं दडवलायस गं?" असं म्हणाले की ते पान आपण मुकाट्याने पुन्हा करायचो. ही गोष्ट तू गिऱ्हाइकांना किती कौतुकाने सांगायचास! ती ऐकूनच तर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या दवाखान्याचं काम आपल्याला दिलं.

ते पान तू नव्या साच्यात केलंस. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं. बाबांना दाखवू या म्हटलं तर म्हणालास, "त्यांना कशाला त्रास?" कसला त्रास, दादा? ते अजूनही नाश्ता झाला की चष्मा पुसून बसतात, कुणी काही आणून दाखवेल म्हणून. खरं कारण तुलाही ठाऊक आहे. ते अडखळले असते आणि तुझ्या साच्यात दुरुस्तीला जागाच नव्हती.

काल तू बाहेर असताना डॉक्टरीणबाईंचा घरी फोन आला. बाबांनी स्पीकरवर घेतला, मी शेजारीच होते. पान वाचता येत नाही अशी रुग्णांची तक्रार आहे, असं त्या म्हणाल्या. पण वडिलांनी नेहमीसारखं वाचून पाहिलंय असं तू त्यांना सांगितलं होतंस, म्हणून त्या खात्री करून घेत होत्या. बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "हो, वाचलं की. काही अडलं नाही." फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तुला सांभाळून घेण्यासाठी ते स्वतःच्या वाचण्याबद्दल खोटं बोलले, आणि तू त्यांना विचारायचीही तसदी घेतली नव्हतीस. डॉक्टरीणबाईंबरोबरच्या उद्याच्या बैठकीला मी सोबत यावं आणि तू म्हणशील त्याला मान डोलवावी, असं तू आज सांगितलंस. मी येणार आहे. मान डोलवणार नाही. पण ते पान बाबांनी पाहिलेलंच नाही, हे मी सांगितलं तर खोटे बाबा ठरतील. तू सांगितलंस, बाबांनी मला सांभाळून घेतलं म्हणालास, तर दोष फक्त तुझा राहील. म्हणून हे आधी तुला लिहिते आहे. खुर्चीत बसल्याबरोबर पहिलं वाक्य तुझं असू दे. तुझं निघालं नाही, तर माझं निघेल.

अजून तरी तुझीच,
धाकटी