चुंबक चिकटलेली ताटं

६ फेब्रुवारी, गुरुवार
परत फुटलं! तनूच्या दोन्ही हातांच्या बोटांवर पाणी भरलेले बारीक फोड. पेन्सिल धरवत नाही पोरीला. शाळेत बाईंनी तिला एकटीला मागच्या बाकावर बसवलं — "संसर्ग असेल तर घरीच ठेवा." शेंबडी पोरं चालतात वर्गात, माझीच तेवढी नको! तीन मलमं झाली. डॉक्टरचं एकच पालुपद, साबण बदला. किती साबण बदलायचे माणसानं?

७ फेब्रुवारी
आज कंपनीत पत्रा तपासताना टाळकंच सटकलं माझं. हॉटेलांची सिंकं-टेबलं बनवतो आम्ही. आलेल्या प्रत्येक लॉटवर मी केमिकलचा थेंब टाकते, त्याला छोट्या बॅटरीची तार टेकवते. लाल झाला की माल हलका, गाडी परत. परक्या हॉटेलांसाठी एवढी काळजी, आणि माझी पोरगी कशात जेवते ते मी कधी बघितलं नाही! बाटली-बॅटरी पर्समध्ये घालूनच घरी आले.

कढई — बुडावर ठसठशीत ३०४ चा, म्हणजे चांगल्या स्टीलचा ठसा. थेंब लालभडक. म्हणजे २०२, हलकं स्टील. निकेल महाग म्हणून कमी घालायचं आणि मँगनीज भरायचं. आंबट-खारट शिजवलं की डाग धरतं. गंजाचे ठिपके दिसत होतेच, मीच मुकाट घासत होते.

मग सासूबाईंची ताटं. चुंबक फटकन चिकटलं — म्हणजे त्याहून स्वस्तातला माल. त्यांच्यावर थेंबसुद्धा वाया घालवला नाही. सगळी रिजेक्ट. कंपनीतल्या सवयीनं लाल मार्करची फुली मारत सुटले.

सासूबाई पूजेवरून उठून आल्या. "माझ्या ताटावर फुली? मेली का काय मी? चाळीस वर्सं जेवतोय यात, कुनाला काय झालं न्हाई."

मी म्हटलं, "आई, स्टीलमधलं तुम्हाला काय कळतं?"

म्हटलं खरं. बरं केलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सुट्टी होती. कढई घेऊन तडक पिंपरी कॅम्पात, घेतली त्याच दुकानात. दुकानदार हसतोय — "ताई, चुंबक लावून बघा. चिकटत नाही ना? मग ओरिजिनल."

"भाऊ, २०२ ला पण चिकटत नाही. कोणाला शिकवताय?"

तिथंच काउंटरवर थेंब टाकला. गिऱ्हाइकं गोळा झाली. लाल झाल्यावर म्हणतो, ठसा कारखान्यातूनच मारून येतो, आम्ही काय करणार. तोंड वर करून! पण कढई परत घेतली मुकाट. नवनाथ नवरा असून रस्त्यावर उभा, कानाला फोन लावून. फोन कुणाचाच नव्हता, मला माहितीये.

आता कंपनीला माल देणाऱ्याकडूनच घेणार. सर्टिफिकेटसकट.

१५ फेब्रुवारी
सासूबाई निघोज्याला गेल्या, धाकट्या दिराकडे. ताटं पोत्यात बांधून. "माझी भांडी जितं खपत न्हाईत तितं मी कशाला ऱ्हाऊ?"

नवनाथ बोलत नाही. नको बोलू. पोरीचे हात बघ आधी.

२० फेब्रुवारी, गुरुवार
नवी भांडी आली. कढई, पातेली, ताटं, डबा, चमचेसुद्धा. एकेकावर थेंब टाकला. एकही लाल नाही! तनूला आवडते म्हणून चिंच घालून आमटी केली नव्या पातेल्यात. उद्या टोमॅटोचं सार.

२७ फेब्रुवारी
कमी नाही.

६ मार्च, गुरुवार
वाढलंय. तळव्यांपर्यंत आलं. भेगांतून रक्त येतं. दोन आठवडे रोज ३०४ मध्ये शिजवतेय, मग का? कोणावर ओरडू आता? तनूवरच ओरडले — "खाजवू नको म्हटलं ना!" ती म्हणाली, "मम्मी, मी झोपेत खाजवते गं, मुद्दाम नाही."

स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं.

१० मार्च
त्वचेच्या डॉक्टरीणबाई. तनूचे हात हातात घेऊन बघणारी ही पहिलीच. कशाची ॲलर्जी आहे ते बघायला पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. आधी कुठलं धातूचं घातल्यावर खाज सुटली होती का, विचारलं. जत्रेतल्या बांगड्या आठवल्या. त्यांनी नुसती मान हलवली. गुरुवारी या म्हणाल्या.

१३ मार्च
निकेल.

बहुतेकांना काहीच होत नाही म्हणे, हिला होतं. सुरुवात बांगड्यांनी झाली असेल. पण नव्या भांड्यात आंबट शिजवलं की निकेल थोडं उतरतं अन्नात, तेवढंही हिला सोसत नाही. ३०४ मध्ये आठ टक्के — रोज माझ्या हातानं रिपोर्टात लिहिते मी! चुंबक चिकटतं त्या स्टीलमध्ये ते जवळजवळ नसतंच. हेही मला ठाऊक होतं. नोकरीच ती माझी.

ती जुनी ताटं परत आणा म्हणायला निघोज्याला फोन लावला. सासूबाईंनी आधी तनूचे हात विचारले. मग मला बोलूच देईनात — "तू म्हनलीस ती खराब हायेत, तवा मोडीत घातली समदी. चाकनला जाऊन तनूसाठी तीनशे चारचं ताट घेतलं बग. नाव बी घातलंय तिचं. ऐतवारी घिऊन येते."

मी 'या' म्हटलं.