बिबट्यासाठी सोडलेलं घर

प्रिय ताई,

तू जाऊन महिना होत आला. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ते मला विचारू नकोस. पण आज तुझ्या बालवाडीत असं काही घडलं, की तुझ्याशी बोलल्याशिवाय घास उतरेना.

तुझी बालवाडी आता मीच चालवते. हायवेलगतच्या वाडीतली तीच खोली, बाहेर तेच ट्रकचे भोंगे. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर चित्रं काढून तू शिवलेलं जंगलाचं पुस्तक लेकरं रोज मागतात. घोरपड काय खाते, हे मला सांगता येत नाही. मग चार-पाच वर्षांची पोरंच मला शिकवतात. हसू नकोस!

बिबट्याचं पान आलं की मात्र मी दोन पानं एकदम उलटते. का, ते तुला माहीत आहे.

आज पोरांनी खडूनं फरशीवर वाघ-बकरीचा पट आखला. तुझ्या पटावर वाघाऐवजी बिबट्या. सागरगोटा म्हणजे बिबट्या, चिंचोके म्हणजे बकऱ्या. "बाई, तुम्ही बी खेळा ना!" मी बसले. बकऱ्यांनी बिबट्याला कोंडायचं, एवढं तर मलाही येतं. शेवटचा चिंचोका ठेवणार, तोच ट्रक ड्रायव्हरची पोर शांती ओरडली, "तिथं नका ठेवू बाई! ते घर मोकळं ठेवा लागते. ताईबाई तसंच खेळत होत्या."

"काहून?"

"त्याले वापस जंगलात जा लागते ना! चारीकडून कोंडलं तं तो आंगावर येते."

मी चिंचोका परत मुठीत घेतला.

ताई, कुहीजवळचा आपल्या गावचा नाला आठवला. बिबट्यानं आपली शेळी नेली होती आणि गावानं त्याला नाल्यात घेरलं होतं. बाबा ओरडून सांगत होते, "वरच्या आंगानं कोणी जाऊ नका, त्याले निंघू द्या!" मी सात वर्षांची. मला बिबट्या पाहायचा होता. थाळी बडवत मी नेमकी वरच्या अंगालाच, जंगलाकडं जाणाऱ्या मोकळ्या वाटेवर जाऊन उभी राहिले. तो मला पाहून मागे वळला आणि बाबांवर गेला. बाबांचा उजवा हात त्या दिवसापासून कामातून गेला.

सगळे म्हणाले, जनावर उलटलं. मीही तेच म्हणत आले. पण तू माझ्या मागे धावत आली होतीस. तू पाहिलं होतंस! मला ओढत घरी आणलंस आणि त्यावर जन्मभर एक अक्षर बोलली नाहीस.

मग हा नियम कोणासाठी केलास? बिबट्यासाठी? बाबांसाठी? की माझ्यासाठी? तो टोमणा होता की माफी? एकदा हे वाटतं, एकदा ते. डोकं चालेनासं झालंय.

इतकी वर्षं तुझा डबा घेऊन मी दारात यायची आणि तुला टोचायची, "ज्यानं बाबाचा हात नेला, त्याचेच लाड काहून करून राहिली वं?" तू एवढंच म्हणायचीस, "तू बस ना खेळाले. मंग समजंल." मी कधी बसले नाही. पण तुलाही सरळ बोलायला काय झालं होतं वं? एकदा कडाडून भांडली असतीस तर बरं झालं असतं!

"बाई, रडून काहून राहिल्या?" शांतीनं विचारलं. खडू डोळ्यात गेला, असं मी तिला सांगितलं. पुन्हा एक खोटं.

ताई, तुझ्या मनात काय होतं ते मला आता कळायचं नाही. पण शब्द देते. उद्या बिबट्याचं पान गाळून पुढे जाणार नाही. पोरांना नाल्याची गोष्ट सांगीन. मोकळ्या वाटेवर थाळी घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीचीही. शांती विचारणारच, ती पोरगी कोण होती.

मी होते, असं सांगीन.

तुझीच,
सुमी