अंगठ्याचा ठसा नसलेलं जग

प्रिय बाबा,

पत्राच्या वर ‘तीर्थरूप’ लिहायला तुम्हीच शिकवलं होतंत. आज हात वळेना, म्हणून ‘प्रिय’. तेही सवयीने आलंय, फार मनावर घेऊ नका. तुमच्या डोळ्यांवर पट्टी आहे, तेव्हा हे पत्र तुम्हाला सिस्टर वाचून दाखवतील. सिस्टर, एक विनंती आहे. मध्येच थांबून ‘पुढे काही विशेष नाही’ असं सांगू नका. यांना गोष्ट अर्धवट सोडलेली अजिबात खपत नाही.

तुमच्या निरोपात दोन प्रश्न होते. ‘निळी ठिणगी’च्या महाअंकात सगळी जगं एकमेकांवर आदळल्यावर शेवटी कुठलं जग उरणार, हा पहिला. आणि गुरुवारी हॉस्पिटलमधून सोडल्यावर माझ्याकडे मागच्या खोलीत कायमचं राहायला येऊ का, हा दुसरा. आधी कॉमिक, मग मुलगी. क्रम तुमचाच आहे, मीही त्याच क्रमाने उत्तर देते.

सिस्टरना ठिणगी कोण हे ठाऊक नसेल. बोटांतून निळी वीज सोडणारी, आकाशात उडणारी बाई. गोष्टी बाबा लिहायचे, चित्रं आई काढायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर साखरेच्या डब्याला आरसा टेकवून ती बसायची आणि ठिणगीला स्वतःचाच चेहरा द्यायची. मी झाले तेव्हा बाबा, तुम्ही ठिणगीलाही मुलगी दिलीत. मुलगी झाली आणि ठिणगीची वीज गेली. वा, काय कल्पना! वाचक खवळले, खप आपटला, कॉमिकच्या मालकांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावून झापलं. मग तुम्हाला दुसरं जग सुचलं. तिथे सगळं तसंच, फक्त ती मुलगी जन्मालाच आलेली नाही. ठिणगीची वीज शाबूत. ते अंक हातोहात संपले.

दोन जगं वेगळी ओळखायची कशी? ती सोय मी करून ठेवली होती. रांगती असताना मी ओल्या शाईत अंगठा बुडवला आणि मुखपृष्ठावरच्या ठिणगीच्या पाठीवर उडणाऱ्या केपच्या काठावर उमटवला. तुम्ही घर डोक्यावर घेतलंत म्हणे. आई हसली आणि तिने ते चित्र तसंच छापायला पाठवलं. पुढे तोच नियम झाला. केपवर डाग असेल तर पहिलं जग, केप स्वच्छ असेल तर दुसरं. वर्गातली पोरं विचारायची, डागवाली ती तूच का गं? मी ऐटीत हो म्हणायचे. डागवाल्या जगाचे अंक दुकानात तसेच पडून असतात हे कळायला मला बराच वेळ लागला.

शाळेच्या नाटकात मी पहारेकरी झाले होते, आठवतंय? नसेलच आठवत. तुमची खुर्ची रिकामी होती. घरी आल्यावर तुम्ही माझा गाल ओढलात आणि म्हणालात, अगं, एका जगात मी पहिल्या रांगेत बसलो होतो, टाळ्या वाजवून वाजवून हात लाल झाले. आणि मी खुळी, खूश झाले! माझ्या तापात, माझ्या वाढदिवसांना, सायकलवरून पडून हात मोडला तेव्हा, दरवेळी तुम्ही कुठल्या ना कुठल्या जगात हजर होतात. या एकाच जगाचं तुम्हाला वावडं होतं.

आई गेली त्या दुपारी तुम्ही वाचकांच्या मेळाव्यात सह्या देत होतात. संध्याकाळी आलात, खूप रडलात, खोटं कशाला बोलू. मग मला जवळ घेऊन म्हणालात, रडू नकोस, दुसऱ्या जगात आई धडधाकट आहे, उद्यापासून मी तिच्याबद्दलच लिहिणार आहे. लिहिलंतही. दुसऱ्या चित्रकाराकडून तिचा चेहरा गिरवून घेतलात. त्या अंकात ती समुद्रावरून उडत होती आणि केपवर एकही डाग नव्हता. मला तेव्हा माझी वेणीसुद्धा घालता येत नव्हती बाबा. पण तिला मुलगी नव्हती म्हणून ती जिवंत होती, एवढं मला नीट समजलं.

हे सगळं मी गिळलं होतं. मोठी झाले, याच कॉमिकची संपादक झाले, सभासमारंभात तुमचं कौतुकही केलं. मग महाअंकासाठी आईची मूळ चित्रं ऑफिसच्या कपाटातून काढायला लावली. दुसऱ्या जगाच्या प्रत्येक पानावर, केपच्या काठाशी, पांढऱ्या रंगाचा जाड थर. वाटलं, आईची काही चूक झाकली असेल. नखाने खरवडलं तर खाली माझा अंगठा. पुढच्या पानावरही. त्याच्या पुढच्याही. ठसा थोडा थोडा मोठा होत गेलेला. आई मला मांडीवर घ्यायची, शाईत अंगठा बुडवू द्यायची, ‘लाव इथे’ म्हणायची, ते आठवलं. मला तो खेळ वाटायचा. मुलगी नसलेल्या त्या जगात ती पानोपानी मला आणून बसवत होती, आणि छापायला जाण्याआधी पानं तुमच्याच हातून जायची, तेव्हा तुम्ही ब्रश घेऊन मला पुसत होतात.

वाचक गोंधळले असते, असं म्हणाल. गोंधळू द्यायचे होते! किती निगुतीने पुसलंत पण. एकही ठसा सुटला नाही. माझ्या दुसऱ्या कुठल्या गोष्टीत तुम्ही इतकं लक्ष घातल्याचं मला आठवत नाही. ऑफिसच्या त्या खोलीत मी इतकी रडले की शिपाईमामा घाबरून पाणी घेऊन आले. आता रडत नाही. आता नुसता राग आहे, तोही चांगला मुरलेला.

तर पहिलं उत्तर. स्वच्छ जग उरतं आणि डागवालं विझतं, असा शेवट तुम्ही पूर्वीच सांगून पाठवला होतात, तरी खात्री करायला विचारलंत. तो मी कचऱ्याच्या टोपलीत टाकला. डागवालं जग उरलंय. ठिणगी म्हातारी झालीय, बोटांत वीज नाही, गुडघे कुरकुरतात, आणि ती तिच्या मुलीबरोबर टेबलाशी चहा पितेय. जगाजगांमधली दारं उघडत फिरणारा तिचा चष्मेवाला नवरा, ज्याला तुम्ही हौसेने स्वतःची चाल आणि स्वतःचा खोकला दिला होतात, तो दार मिटलं तेव्हा पलीकडे राहिला. ते जग त्याच्यासकट संपलं. अंक छापून झाले, गठ्ठे रवानाही झाले. एक तुमच्या उशाशी ठेवायला सांगितलाय. डॉक्टर म्हणतात नजर आता परत येणार नाही, तेव्हा नुसता शाईचा वास घ्या.

आता दुसरं उत्तर, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. सिस्टर, हे जरा प्रेमाने वाचा. बाबा, एका जगात गुरुवारी सकाळी मी तुमच्या वॉर्डच्या दाराशी उभी आहे. हातात तुमचा स्वेटर आहे. मागच्या खोलीत धुतलेली चादर घातलीय, खिडकीशी खुर्ची ठेवलीय, आणि रोज संध्याकाळी मी तुम्हाला वाचून दाखवणार आहे. टाळ्या वाजवून हात लाल व्हावेत इतकी गुणी मुलगी आहे ती. या जगात वृद्धाश्रमाची गाडी येईल. ड्रायव्हर बरा आहे, सावकाश चालवतो. तिथे दाखल करून घेताना सही लागते. तुम्हाला ओळ दिसणार नाही, म्हणून अंगठा घेतील. ती शाई लवकर जात नाही. पांढरा रंग मागू नका, तिथे मिळत नाही.

तुमचीच,
डागवाली