बिबड्यांचं मैदान

सावदा, शुक्रवार

तीर्थरूप भिकुबाई अक्कास धाकट्या जीवरामचा दंडवत.

तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि दारची म्हैस, सगळं ठिकाणावर असेल अशी आशा करतो. माझं विचारशील तर अन्न गोड लागत नाही. फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि ही गोष्ट तेजसच्या कानावर जाता कामा नये, म्हणून केळीच्या ट्रकवरच्या चंदनच्या हाती हे पत्र देतोय. (पोरगा तुझा आहे, मान्य. पण रविवारी धुळ्याचा पिचर म्हणून तोच माझ्यावर चेंडू फेकणार, आणि मामा आहे म्हणून हळू फेकेल असं मला मुळीच वाटत नाही.)

आमच्या बेसबॉल संघाचा इतिहास तुला ठाऊकच आहे, तरी लिहितो, कारण लिहीत राहिलो की छातीतली धडधड जरा कमी होते. पहिलं मैदान केळीच्या वजनकाट्यामागे होतं. तिथे माझा एक फटका घडांनी भरलेल्या ट्रकमध्ये पडला आणि आमचा एकुलता एक चेंडू दिल्लीला गेला. दुसरं मैदान नदीच्या कोरड्या पात्रात. पहिल्या पुरात तिन्ही बेस वाहून गेले, होम प्लेट तेवढी बाभळीला अडकलेली सापडली. मग रुपचंदशेठनी आपलं पडीक रान दिलं आणि आम्हाला वाटलं, आता जन्मभर इथेच.

तर एप्रिलात झुंबरबाई खाटा घेऊन हजर. गल्लीतल्या बायका वर्षानुवर्षं ज्वारीचे पापड, आपली बिबडी, त्याच रानात वाळत घालतात, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्या संघातल्या प्रेमराजचा चेंडू पहिल्याच दिवशी ओल्या बिबड्यांवर आदळला, तर तिने बॅट जप्त केली आणि त्याच बॅटने चुलीवरचं पीठ हाटलं. (बॅटला अजून जिऱ्याचा वास येतो.) तेव्हापासून नियमच आहे: ज्याचा चेंडू बिबड्यांवर, तो आऊट. पाहुणे संघ हसतात, उंच मारतात आणि एकामागून एक आऊट होतात. आम्ही मात्र जमिनीसरपट, खाटांखालून मारायला शिकलो. म्हणून घरी आम्ही कधी हरलो नाही, आणि बाहेर कधी जिंकलो नाही. चेंडू जरा वर गेला की आमच्या पोरांचे चेहरे पांढरे पडतात, माझा सगळ्यांत आधी.

यंदा चिठ्ठ्यांमध्ये सगळे सामने घरीच आले आणि आम्ही चक्क फायनलला पोहोचलो. फायनल धुळ्याला! रुपचंदशेठ म्हणालेत, चषक आणा आणि रान तुमचं, नाहीतर तिथे लग्नाचं लॉन होईल. अक्का, सावद्यात आता रस्त्यापर्यंत केळी आहे, चौथं मैदान कुठून आणू? परवा गुपचूप धुळ्याचं मैदान बघून आलो (तेजस भेटेल म्हणून तुझ्याकडे डोकावलो नाही, रागावू नकोस). कुंपणापर्यंत नुसती मोकळी जमीन, एक खाट नाही. मला तिथेच दरदरून घाम फुटला.

असो. उन्हाचं जप. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
जीवराम

ता. क. रविवारी सकाळी तू आणि तुझ्या गल्लीतल्या बायका त्या मैदानावर खाटा टाकाल का? कोणी हटकलं तर सांग, आम्ही दरसाल इथेच बिबडी घालतो. पुढचा नियम पंचांना मी समजावतो.

आणखी एक. पत्र पाकिटात घालून सरावाला गेलो होतो, आल्यावर परत उघडलं. आज चेंडू बॅटच्या मधोमध बसला आणि वर गेला. सगळ्या खाटा ओलांडून पलीकडच्या केळीत पडला. मी बॅट टाकून झुंबरबाईकडे बघत उभा राहिलो. ती कपाळावर हात धरून चेंडू गेला तिकडे बघत होती. मग म्हणाली, "अरे पय ना, उभा कायले राह्यला?"

अक्का, मी धावलो. डोळ्यांना पाणी आलं होतं, पण धावताना कोणाला दिसलं नसावं.

तेव्हा खाटा टाकू नकोस. (एखादी टाकलीस तरी चालेल.)