यंदाचं एकच घरटं

४ फेब्रुवारी
कासवीण येऊन गेली! सकाळी वाळूत माग दिसला. अंडी अगदी भरतीच्या तोंडाशी, म्हणजे हलवणं आलंच. अंडी राखायला किनाऱ्यावर वर घातलेल्या कुंपणात नवा खड्डा मी खणला, पार कोपरापर्यंत हात घालून. अंडी नेताना वरची बाजू वरच ठेवायची, नाहीतर आतला जीव जातो — नवऱ्याला दहादा बजावलं. आणि ह्या शहाण्याने काय केलं? बादली जड झाली म्हणून अर्धी टोपलीत ओतली. ओतली! बटाटे आहेत का ते?

५ फेब्रुवारी
बोलत नाही मी त्याच्याशी.

१९ फेब्रुवारी
वनखात्याच्या बाई येऊन गेल्या. यंदाचं हे एकच घरटं. हेही वाया गेलं तर कुंपण काढून जागा शेजारच्या हॉटेलला द्यायची, असं वरून ठरलंय म्हणे. हॉटेलचा मॅनेजर कोण? माझाच धाकटा दीर! अंधार पडला की किनाऱ्यावर नुसता लखलखाट करून ठेवतो. पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे धावतात आणि वाळूतच मरतात, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. त्याचं एकच — मालकाला विचारा. जेवायला मात्र दर रविवारी आमच्याकडे.

३० मार्च
अजून काही नाही. नवरा रोज पहाटे गुपचूप कुंपणापाशी जाऊन बसतो. त्याला वाटतं, मी झोपलेय. आज चहा घेऊन गेले. म्हणाला, "माझ्यामुळे गेलं ना गं सगळं?" मी हो म्हणाले. खोटं कशाला बोलू? पण तिथेच बसून राहिले.

२ एप्रिल
जिंकलो! उजाडता उजाडता वाळू खचली आणि एक काळं नाक वर आलं. मग दुसरं. मग काय, दुधाला उकळी फुटावी तशी पिल्लंच पिल्लं! सगळी तुरुतुरु पाण्यात. नवरा ढसाढसा रडला, मीही. ओतलेली अंडी वरच्या थरात होती, त्यांतलीही बरीच फुटलीत! हे सांगितल्यावर स्वारी अभिमानाने जी फुगली ती दिवसभर. बाईंना फोन केला — कुंपण राहिलं! दिराला मुद्दाम बोलावून टरफलं दाखवली. जाताना एक टरफल खिशात घालून गेला.

९ एप्रिल
दिवेलागणीला दिराचा फोन. "वहिनी, आमच्या वाळूतल्या खुर्च्यांखालून पिल्लं निघतायत. दिवे मी बंद केलेत. मालकाचं नंतर बघू, तुम्ही या!" म्हणजे यंदा दुसरंही घरटं होतं, कुणालाच न दिसलेलं! धावत पोचलो. अख्खं हॉटेल अंधारात, आणि दीर एकेक खुर्ची उचलून वाट मोकळी करत होता.